मदत हवी आहे: गारखेडा भागात घरच्यांसोबत निवांत जेवायला हॉटेल कसं निवडावं?

सूतगिरणी_चौक
नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरात गारखेडा, उस्मानपुरा किंवा फार तर सिडकोपर्यंत, शनिवारी रात्री घरचे सातजण जेवायला जाणार आहोत. पाच मोठे, दोन लहान (६ आणि ९ वर्षं). आजी माळकरी आहेत, दातांची कवळी आहे, तिखट सोसत नाही. चातुर्मास असल्यामुळे कांदा-लसूणही चालत नाही. वडिलांना साखरेचा त्रास आहे, जेवणाआधी गोळी असते. बाकीच्यांना भाकर आणि झणझणीत काहीतरी हवंय. मोठं, झगमगीत हॉटेल नको, दीड-दोन तास बोलत बसता आलं पाहिजे. बजेट अडीच हजार. नावं सुचवलीत तर उत्तमच, पण नेमकं काय तपासून ठरवावं हे सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

जोंधळा
नावं मुद्दाम देत नाही. इकडच्या हॉटेलांची चव आचाऱ्याच्या हातात असते. आचारी सोडून गेला की पाटी तीच राहते आणि रस्सा बदलतो. म्हणून ऑनलाइन अभिप्राय वाचताना ते 'नवीन आधी' असे लावा आणि गेल्या दोन-तीन महिन्यांचेच वाचा. जुन्या चांगल्या अभिप्रायांवर विसंबू नका.

दोन-तीन ठिकाणं नजरेत आली की आधी एका संध्याकाळी घरातल्या कुणीतरी एकानं जाऊन फक्त एक भाकर, एक हाफ शेवभाजी आणि साधं वरण मागवावं. एवढ्यात जवळजवळ सगळं कळतं.

भाकर तव्यावरून थेट ताटात येते का बघा. पापुद्रा सुटलेला हवा, कडा तडकलेल्या नकोत. कडा फाटत असतील तर पीठ बहुधा जुनं आहे, विरी गेलंय, म्हणजे त्याचा चिकटपणा गेलाय. असं पीठ कितीही गरम पाण्यात मळलं तरी भाकर चिरते आणि पाच मिनिटांत कडक होते. कवळी असलेल्या माणसाला ती चावणारच नाही.

शेवभाजीत शेव शेवटी पडायला हवी. आधीच घालून ठेवली असेल तर तिचा लगदा होतो आणि रस्सा पिठूळ लागतो. 'शेव वेगळी द्या' म्हणून बघा. सहज हो म्हणाले तर भाजी ताजी बनते असं समजा. रस्सा नुसताच लालभडक दिसत असेल तर त्यात रंग घातलेला असू शकतो. काळ्या मसाल्याचा रस्सा गडद तपकिरी असतो, त्यात भाजलेल्या खोबऱ्याचा आणि दगडफुलाचा वास येतो.

वरणाकडे मात्र लोक लक्षच देत नाहीत. डाळ खाली आणि पाणी वर असं फाटलेलं वरण म्हणजे सकाळी शिजवून रात्री पाणी घालून उकळलेलं.

तवा_तंदूर
आजींचा मुद्दा सगळ्यात आधी सोडवा, त्यावरच हॉटेल ठरेल. माळकरी माणूस सोबत असेल तर शुद्ध शाकाहारीच ठिकाण घ्या. 'व्हेज-नॉनव्हेज' पाटीच्या बऱ्याच ठिकाणी तळणाची कढई आणि पळ्या एकच असतात, 'किचन वेगळं आहे' हे वेटर सवयीनं सांगतो.

कांदा-लसणाचं जरा अवघड आहे. जवळपास प्रत्येक हॉटेलात लाल, पिवळी आणि पांढरी ग्रेव्ही संध्याकाळीच करून ठेवलेली असते. लाल-पिवळीत कांदा-लसूण असतोच, पांढरीतही बहुतेक कांदा असतो, आणि तो नंतर काढता येत नाही. काळ्या मसाल्यातही पुष्कळदा भाजलेला कांदा असतो. त्यामुळे आजींसाठी ग्रेव्हीची भाजी मागवूच नका. 'जैन करा' हे शब्द वापरा, स्वयंपाकघरात ते नीट कळतात. मात्र जैन म्हटलं की बटाटाही जातो. तूप-जिऱ्याची फोडणी दिलेलं वरण, मऊ भात, दही आणि शेव-टोमॅटो एवढ्यात त्यांचं पोटभर होईल. पिठलं नको, त्यात लसूण हमखास असतो.

तिखटाबद्दल एक सांगतो. तयार रस्सा 'कमी तिखट करा' म्हटलं की पाणी किंवा साय घालून देतात आणि चव बिघडते. तिखटपणा तेलात उतरलेला असतो. 'तर्री काढून वाटीत वेगळी द्या' असं सांगा. रस्सा निम्मा सौम्य होतो, तिखट खाणारे वरून तर्री घेतात. मुलांसाठीही हेच करा, किंवा धपाटं-दही मागवा.

सूतगिरणी_चौक
जोंधळा, तवा_तंदूर, मनापासून आभार. वेळ कोणती गाठावी? आणि वडिलांच्या गोळीचं कसं करावं?

जोंधळा
साडेसातला टेबलावर असा. शनिवारी साडेआठ ते दहा एकच गर्दी असते. त्या वेळात भाकर करणाऱ्या मावशी एकट्या असतील तर भाकरी आधीच थापून, डब्यात रचून ठेवल्या जातात. वाफेनं त्या ओलसर होतात आणि थंड झाल्यावर वातड. आधी चारच मागवा, मग दोन-दोन. सगळ्या एकदम आल्या तर शेवटच्या दोन कुणी खात नाही.

तुमच्या सातजणांना तीन फुल भाज्या, एक फुल वरण, आजींचं वेगळं हाफ वरण, आठ-नऊ भाकरी आणि शेवटी एक भात पुरतो. मुलांचं सुरुवातीलाच सांगा, नाहीतर ती पापडावरच पोट भरतात.

गोळीचं: ती कधी घ्यायची हे डॉक्टरांनी जेवणाशी जोडून दिलेलं असतं. घरून निघताना घेतली आणि ऑर्डरला पाऊण तास लागला तर साखर खाली जाऊ शकते. डॉक्टरांना आधी विचारून घ्या आणि वडिलांचं वरण-भाकर सगळ्यात आधी आणायला सांगा. खिशात खडीसाखर किंवा ग्लुकोजची पुडी असू द्या.

बिल_बघा
अडीच हजारांचं बजेट आहे म्हणून बिलाचं सांगतो. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, म्हणजे केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच. छोटं हॉटेल कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी जीएसटी योजना) असेल तर त्याला ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही, आणि तसं बिलावर लिहिलेलं असावं लागतं. बिलावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा परवान्याचा, १४ आकडी क्रमांकही हवा. 'सर्व्हिस चार्ज' आपोआप लावता येत नाही, ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या तशा मार्गदर्शक सूचना आहेत. शांतपणे काढायला सांगा, बहुतेक लगेच काढतात. नाहीच काढला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

सूतगिरणी_चौक
बसायच्या जागेचं राहिलं. आजी खाली बसू शकत नाहीत. बीड बायपासच्या बाजूला लॉनवाली ठिकाणं आहेत, ती बरी का?

तवा_तंदूर
पावसाळ्यात लॉन नको. दिव्याभोवती किडे, खाली ओल आणि डास, शिवाय खुर्चीचे पाय मातीत रुतून डुगडुगतात. आजींना हात टेकायला दांड्याची खुर्ची लागेल, बाकडं किंवा सोफा नको, उठताना त्रास होतो. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस पडला तर शेजारचं ऐकू येत नाही, आणि तुम्हाला तर बोलत बसायचंय. स्लॅबचं छत, बेसिन आणि स्वयंपाकघराच्या दारापासून लांबचं, भिंतीकडचं टेबल मागा. परमिट रूम लागून असेल तर फॅमिली हॉलचं दार वेगळं आहे का ते बघा. नऊनंतर तिथला आवाज वाढतो.

पाण्याचंही बघा. शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हॉटेलं टँकर आणि जारवर चालतात. पिण्याचं पाणी सगळे विचारतात, पण काकडी-कांदा कोणत्या पाण्यात धुतला हे कुणी विचारत नाही. पावसाळ्यात आजींना आणि मुलांना कापून ठेवलेली कोशिंबीर देऊ नका. अख्खी काकडी मागा आणि टेबलावर कापा.

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे गर्दी नसताना, फोन करा. सातजण, दांड्याची खुर्ची, एक जैन ताट, साडेसातची वेळ, एवढं सांगा आणि फोन घेणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.