हॅकर पोरांच्या कादंबऱ्या सुचवा, पण ज्यात कॉम्प्युटर खराखुरा असेल

शाईपेन:
भाची पंधराची आहे, इंग्रजी भराभर वाचते, सध्या पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकतेय आणि तिला टीनएज हॅकरवाली कादंबरी हवीये. मी दोनतीन चाळल्या पण सगळीकडे तेच, पोरगं काळ्या स्क्रीनवर धडाधड टाइप करतं, हिरवी अक्षरं पळतात आणि बँकेची सिस्टीम उघडते. ती लगेच विचारते, अगं पण मावशी त्याने नेमकं केलं काय? पुस्तकात उत्तरच नसतं. तर नेमकं काय केलं ते कळेल असं काही आहे का? आणि दुसरं म्हणजे ताईला धाकधूक आहे की असलं वाचून पोरगी कुणाचं तरी अकाउंट उघडायला जाईल, त्यावरही बोला प्लीज.

रात्रवाचक:
डोळे झाकून कोरी डॉक्टरोचं 'लिटल ब्रदर' द्या. 2008 चं आहे. सॅन फ्रान्सिस्कोवर अतिरेकी हल्ला होतो, सतरा वर्षांच्या मार्कसला सरकारी यंत्रणा उचलून नेते, सुटून येतो तेव्हा अख्ख्या शहरावर पाळत सुरू झालेली असते आणि हा मित्रमंडळींना घेऊन गेमिंग कन्सोलवर स्वतःचं गुप्त नेटवर्क उभं करतो. भाचीच्या प्रश्नाला इथे उत्तर मिळतं कारण लेखक गोष्ट थांबवून समजावतो, एन्क्रिप्शनमध्ये, म्हणजे मजकूर गुप्त लिपीत बदलताना, दोन किल्ल्या का लागतात, समोरचा खरंच तोच माणूस आहे हे कसं ओळखायचं वगैरे. मला सगळ्यात आवडलेला भाग गणिताचा आहे. समजा दहा लाखांत एकाला एखादा आजार आहे आणि टेस्ट 99 टक्के अचूक आहे, तर दहा लाख लोक तपासले की जवळजवळ दहा हजार लोकांना उगाच 'आजारी' ठरवलं जाणार आणि खरा आजारी त्यात एकच. आता आजाराच्या जागी अतिरेकी ठेवा, म्हणजे सगळ्यांवर पाळत ठेवून निरपराध माणसंच का अडकतात ते लख्ख कळतं. मार्कसची टोळी मग हेच हत्यार उलटं फिरवते, लोकांच्या प्रवासाच्या कार्डांवरची माहिती एकमेकांत अदलाबदल करून टाकते, सिस्टीमला सगळेच संशयित दिसायला लागतात. आणि लेखकाने स्वतःच्या साइटवर पुस्तक फुकट डाउनलोडला ठेवलंय, क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली (म्हणजे लेखकानेच फुकट वाटायची परवानगी दिलेली), तेव्हा आधी स्वतः वाचून बघा.

कडबोळं_वाचन:
वरच्याला +1 पण एक सांगायला हवं, त्यात कोठडीतल्या छळाचे प्रसंग आहेत, पाण्याने गुदमरवण्यापर्यंत, आणि मार्कस आणि त्याच्या मैत्रिणीचे शारीरिक संबंधही येतात. पंधराव्या वर्षी चालेल असं माझं मत, पण ताईंना आधी माहीत असलेलं बरं.
त्याहून सौम्य हवं तर नेओमी क्रिट्झरचं 'कॅटफिशिंग ऑन कॅटनेट' (2019), याला किशोरांसाठीच्या विज्ञानकथा-फँटसी पुस्तकांचा 2020 चा लोडस्टार पुरस्कार आहे. स्टेफची आई बापापासून लपत सारखी गावं बदलते त्यामुळे पोरीला शाळेत मैत्रिणी नाहीत, जे काही मैत्र आहे ते एका चॅट साइटवर, आणि त्या साइटचा अ‍ॅडमिन म्हणजे मांजरांचे फोटो आवडणारी एक एआय आहे. शाळेत लैंगिक शिक्षण शिकवायला एक रोबॉट असतो जो अवघड प्रश्न टाळतो, त्याच्याकडून पोरांना खरी उत्तरं मिळावीत म्हणून ही मंडळी त्याच्यात घुसतात, तो भाग झकास आहे.
मेरी लूचं 'वॉरक्रॉस' (2017) पण लोक सुचवतील. वेग जबरदस्त, नायिका एमिका मुलगी आहे हेही छान, पण हॅकिंग कसं होतं ते विचाराल तर तिथे फार हाती लागत नाही. भाची कंटाळेल.

टर्मिनल_आणि_चहा:
ताईंच्या काळजीबद्दल लिहितो, मी सिक्युरिटीत काम करतो. काळजी बरोबर आहे, उगाच हसण्यावारी नेऊ नका. पण पुस्तक लपवून ती मिटणार नाही, भाचीच्या हातात क्लिफर्ड स्टॉलचं 'द कुकूज एग' (1989) पण ठेवा. कादंबरी नाही, घडलेली गोष्ट आहे पण वाचायला कादंबरीसारखीच. 1986 साली बर्कलेच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर वापराच्या हिशोबात 75 सेंटचा फरक येतो, हा खगोलशास्त्राचा माणूस त्याचा माग काढत जातो आणि शेवटी जर्मनीतून केजीबीला, म्हणजे सोव्हिएत गुप्तहेर खात्याला, माहिती विकणाऱ्या हॅकरपर्यंत पोचतो. त्यात घुसणारा काही जादूगार नाहीये, सहज ओळखता येणारे पासवर्ड आणि सिस्टीमबरोबरच आलेली पण कुणी न बदललेली डिफॉल्ट अकाउंटं यावर त्याचं बरंचसं काम होतं. सगळी चिकाटी पाठलाग करणाऱ्याची आहे, आणि मुलांना हॅकिंगची ही बाजू फार कमी वेळा दिसते.
कायद्याचं पण स्पष्ट सांगा. 1988 मध्ये रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला वर्म (एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी वेगाने पसरला, हजारो मशीन बसल्या, आणि हेतू नुकसानीचा नव्हता तरी कोर्टाने दोषी ठरवलंच. तीन वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं), 400 तास समाजसेवा आणि वर दंड.
आणि तिचे हात शिवशिवले तर पिकोसीटीएफ आहे, कार्नेगी मेलन विद्यापीठाची शाळकरी मुलांसाठीची स्पर्धा, फुकट. तिथे सिस्टीम फोडायलाच ठेवलेल्या असतात, कुणाचं नुकसान नाही.

शाईपेन:
केवढं दिलंत, मनापासून थँक्यू! लिटल ब्रदर आजच उतरवते, ताई आणि मी आधी वाचतो. कॅटनेट लगेच तिच्या हातात देते. पिकोसीटीएफला पायथन कितपत यायला हवं? तिला लूप आणि फंक्शन येतात.

टर्मिनल_आणि_चहा:
भरपूर झालं तेवढं. सोप्या गटातले प्रश्न आधी घेऊ दे, अडली की इथेच विचारा.