एवढंसं पोट, केवढी वाटी? (दीड ते तीन वर्षांच्या मुलांचं जेवण : अनुभव धागा)

वाटीभर (धागाकर्ती), पुणे

आमच्या चिरंजीवांना वीस महिने झाले आणि त्याच आठवड्यात रक्ताचा रिपोर्ट हातात पडला. हिमोग्लोबिन ८.६. या वयात ११ च्या पुढे हवं. मला वाटलं, डॉक्टरीणबाई आता विचारतील पालेभाजी खातो का, खजूर देता का. त्यांनी विचारलं, "दूध किती पितो?"

दुधाचं मी जरा तोऱ्यातच सांगितलं. दूध मात्र छान पितो हो! उठल्यावर बाटली, अकराला बाटली, दुपारी झोपताना, संध्याकाळी, रात्री, आणि मध्यरात्री कुरकुरला की आणखी एक. त्यांनी माझ्यासमोर बेरीज मांडली. ११०० मिली. "मग जेवायला जागा कुठे ठेवलीत?"

दुधात लोह जवळपास नसतंच, आणि एवढं दूध पोटात असलं की जे काही लोह ताटातून जाईल तेही नीट अंगी लागत नाही, हे मला तेव्हा कळलं. आमच्या घरातलं चक्र असं होतं : जेवत नाही, म्हणून निदान दूध तरी जाऊ दे. दूध गेलं, म्हणून जेवत नाही. आता दिवसाला ५०० मिलीच्या आत, तेही कपातून. बाटल्या माळ्यावर.

दुसरी गोष्ट वाटीची. "एक वाटी वरणभातही संपवत नाही" ही माझी कायमची तक्रार. त्या रात्री औषधाच्या मापाने पाणी ओतून ती वाटी मोजली. काठोकाठ २६० मिली, आणि मी शिगोशीग भरत होते. वर अर्धी पोळी, भाजी, केळं. म्हणजे साडेदहा किलोच्या जिवाला मी जवळजवळ त्याच्या बाबाइतकं वाढत होते. या वयाला एका वेळी सगळं मिळून २५० मिलीची पाऊण ते एक वाटी, असं दिवसातून तीन-चारदा आणि मध्ये एक-दोनदा काहीतरी खाऊ, एवढं धरून चालायचं. सुरुवातीला ताटात त्याहूनही कमी : एकेका पदार्थाचा वयाच्या वर्षाला एक मोठा चमचा. मागितलं तर पुन्हा वाढायचं.

पहिल्या वर्षात वजन तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. हे मला उष्टावणाच्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर बराच आरडाओरडा वाचला असता. असो.

तुमच्याकडे काय चालतं, काय फसलं, ते लिहा. सल्ले कमी आणि घडलेलं जास्त, अशी विनंती.

भेंडीबाबा, नाशिक

आमच्याकडे मोबाइल. लेक अडीच वर्षांची. गाणं लावलं की तोंड उघडायची, आणि आम्ही दोघं त्या उघड्या तोंडात घास सरकवत होतो. काय खाल्लं, किती खाल्लं, तिला पत्ता नाही. गाणं संपलं की तोंड बंद. एकदा गाण्याच्या नादात एवढं भरवलं की सगळं बाहेर आलं, माझ्या ऑफिसच्या शर्टावर.

बंद करायचं ठरवलं ते दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे रडारड झाली तरी शेजारीपाजारी गावी गेलेले. पहिले दोन दिवस ती ताटाकडे बघायलाही तयार नव्हती. बायको म्हणाली, पोर उपाशी झोपतंय, लाव तो मोबाइल. तिसऱ्या दिवशी मी खाली पाट घेऊन तिच्याशेजारी माझंही ताट मांडलं. तिच्या ताटलीत पोह्याच्या चमच्याने तीन चमचे भात, एक चमचा वरण, भेंडीच्या दोन चकत्या. तिच्याकडे बघायचं नाही, आपलं जेवायचं, एवढंच ठरवलेलं. (ताटाकडे न बघणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे.) पाचेक मिनिटांनी माझ्या ताटातली भेंडी गेली. मग आणखी एक. स्वतःच्या ताटलीतल्या दोन चकत्या तशाच राहिल्या!

आता मिक्सरमधून काढलेलं काही देत नाही. वीस-पंचवीस मिनिटं, मग ताट उचलायचं. खाल्लं तर खाल्लं. पुढचं दोन-अडीच तासांनी, मध्ये फक्त पाणी. बिस्किटाचा पुडा तेवढा आजोबांच्या कपाटात आहे, त्याला कुलूप नाही.

खिमटवाली आजी, राजापूर

तुम्हा मुलींचं वाचून गंमत वाटते. आम्ही कुठे मिली मोजत होतो? तांदूळ आणि मूगडाळ धुवायची, फडक्यावर सावलीत वाळवायची, वेगवेगळी मंद भाजायची आणि जिरं घालून जात्यावर जाडसर भरडायची. हे खिमटाचं पीठ. चमचाभर पीठ थोड्या पाण्यात कालवून आधणात सोडायचं, ढवळत राहायचं, वरून घरचं तूप. दात आले की त्यातच लाल भोपळा किंवा कुळथाच्या कढणाचे दोन चमचे. हे अजून करते, नातीला पाठवते.

पण एक खरं सांगते. घास चिऊचा, घास काऊचा करून मी मुलाच्या मागे अंगणभर धावले. चिऊ झाली, काऊ झाला, मग म्हैस, मग पोस्टमन. जेवला नाही की मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायची. ताटात शीत राहिलं तर डोळे वटारायचे. तो मुलगा आता चाळिशीला आला. पोट भरलं तरी हात थांबत नाही त्याचा. सुनेने वाढलं की "पुरे" म्हणायला जीभ रेटत नाही, असं तोच म्हणतो. आता शुगर निघाली आहे. त्याला कारणं बरीच असतील, सगळा दोष घासांना देत नाही. पण नातीच्या मागे मी धावत नाही. गुडघेही धावू देत नाहीत, ते वेगळं.

सेविका ताई, जव्हार तालुका

मी अंगणवाडीत आहे. वर सगळ्यांनी जास्त वाढण्याबद्दल लिहिलं, मी जरा दुसरी बाजू लिहिते. राग मानू नका.

आमच्या पाड्यावर लेकरू दिवसातून चारदा खातं, आई शपथेवर सांगते, आणि ती खोटं बोलत नाही. पण खातं काय, तर नागलीची पातळ पेज. वाटी भरून पेज घेतली की पोट टम्म होतं, आणि त्या वाटीत पाणीच जास्त. एवढ्याशा पोटात पाण्याला जागा दिली तर दाण्याला राहत नाही. म्हणून मी बायांना एकच दाखवते. चमचा आडवा धरायचा. पेज ओघळली तर ते पिणं, चमच्यावर बसली तर ते खाणं. मग त्यातच एक चमचा तेल किंवा कुटलेले शेंगदाणे, आणि असेल तर उडदाचं घट्ट वरण. वाटी तेवढीच, पण जोर वाढतो.

माझ्याकडे दंडघेराची पट्टी असते. सहा महिन्यांच्या पुढच्या लेकराच्या दंडाला लावायची. साडेबारा सेंटीमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, साडेअकराच्या खाली लाल. सरकारच्या अमृत आहार योजनेतून आठवड्यात चार दिवस अंडं मिळतं, ते मी केंद्रातच सोलून हातात देते. घरी नेलं की मोठा भाऊ खातो. त्यालाही भूक असतेच, त्याला काय बोलणार?

दिवाळी झाली की निम्मा पाडा वीटभट्टीवर जातो. गेल्या वर्षी एक पोरगी हिरव्यात गेली आणि पावसाआधी परत आली ती लालमध्ये. तिकडे आई-बाप पहाटेपासून भट्टीवर, पोरीकडे आठ वर्षांची बहीण. ती बिचारी काय शिजवणार? पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट फोडून द्यायची, पोरगी गप्प. त्या पोरीला आम्ही ग्राम बाल विकास केंद्रात घेतलं, दिवसाला थोडं थोडं, पुष्कळ वेळा. पिवळ्यात यायला महिना लागला.

म्हणून म्हणते, "मूल सांगेल तेवढंच द्या" हे सगळीकडे लागू होत नाही. लई दिवस उपाशी राहिलेल्या लेकराची भूकच मरते. ते मागतच नाही.

वाटीभर (धागाकर्ती)

ताई, राग कसला. हे यायलाच हवं होतं. चमच्याची खूण मी वहीत उतरवून घेतली. आमच्याकडेही "पचायला हलकं" म्हणून वरणाचं पाणीच जास्त जात होतं.

गाजर ११

गाजर. अकरा वेळा थुंकलं. बाराव्यांदा खाल्लं. तेराव्यांदा पुन्हा थुंकलं. एवढाच अनुभव.

इंदूरकर बाबा

धाग्यातल्या "नाही खाल्लं तर सोडून द्या" या सुराला माझी दुरुस्ती आहे.

आमची मुलगी चौदा महिन्यांची असताना ८.९ किलो होती आणि सव्वीस महिन्यांची झाली तेव्हा ९.४. पूर्ण वर्षात अर्धा किलो. आम्ही ज्यांना दाखवत होतो ते म्हणायचे, मुलं खात नाहीतच, आई-बाप उगाच काळजी करतात, सोडून द्या. आम्ही सोडून दिलं. हातपाय काड्या, पोट मात्र फुगलेलं, दिवसातून चार-पाचदा पातळ शी आणि तिला घाण वास. उंचीही अडली होती, पण ती कुणी मोजलीच नव्हती. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी वजन-उंचीचा तक्ता काढला, बिंदू जोडले आणि ती आडवी गेलेली रेघ आम्हाला दाखवली. रक्ताची तपासणी झाली, मग दुर्बिणीने आतड्याचा तुकडा. सिलिअॅक निघाला. गव्हातल्या ग्लुटेनने आतडं खराब होत होतं, आणि आम्ही ताकद यावी म्हणून गव्हाचं सत्व, रव्याची खीर, तुपातला शिरा भरवत होतो!

इंदुरात मराठी घर असलं तरी सकाळी पोहे आणि दोन्ही वेळा गव्हाची पोळी. सगळं घर बदललं. सोलापूरच्या आत्याने ज्वारी पाठवली, बायको भाकरी थापायला शिकली. तरी महिनाभर फरक पडेना. आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातली एकेक गोष्ट विचारत विचारत हिंगाच्या डबीवर बोट ठेवलं. बाजारच्या बांधणी हिंगात गव्हाचं पीठ असतं. रोजच्या वरणात चिमूटभर जात होतं.

सहा महिन्यांत ११.२ किलो. आता स्वतःहून मागून खाते. तेव्हा वाटी मोजा किंवा मोजू नका, पण दर दोन-तीन महिन्यांनी वजन आणि उंची दोन्ही लिहून ठेवा. खेळतंय, रेघ वर चाललीय, तर थोडं खाल्लं तरी निर्धास्त राहा. रेघ आडवी झाली तर कुणाचंही "सोडून द्या" ऐकू नका.

दाणा, कोल्हापूर

विषय प्रमाणाचा आहे, पण लिहितेच. नातेवाइकांकडे बैठक बसली होती, समोर खारे शेंगदाणे. दोन वर्षांच्या भाच्याने मूठ भरली, हसता हसता ठसका लागला, मग थांबला. सगळे म्हणाले, गेला खाली. पुढे दहा दिवस खोकला. सर्दीची औषधं झाली, वाफ झाली. एक्स-रेत दाणा दिसत नाही. एका बाजूला हवा कमी जाते हे डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावून ओळखलं, आणि भूल देऊन दुर्बिणीने श्वासनलिकेतून अर्धा दाणा काढला. पाच वर्षांपर्यंत अख्खा दाणा, चणा, काजू काही नाही. कूट घाला, हवं तेवढं.

डब्यातली आई, लंडनजवळ

दाणा यांना अनुमोदन. इथल्या पाळणाघरात द्राक्षं उभी चिरून, चार तुकडे करूनच देतात. आम्ही वाढदिवसाला अख्खी द्राक्षं घेऊन गेलो तर बाईंनी हसत हसत परत दिली.

रोज संध्याकाळी तिथून एक चिठ्ठी येते : सगळं खाल्लं, अर्धं खाल्लं, थोडं खाल्लं, नाही खाल्लं. पहिले दोन महिने मी ती चिठ्ठी परीक्षेच्या निकालासारखी उघडायचे. "थोडं" दिसलं की घरी आल्याबरोबर कोट काढायच्या आत खिचडी. एकदा लवकर पोचले आणि खिडकीतून बघितलं. बुटक्या टेबलाभोवती सहा मुलं. मोठ्या भांड्यातून स्वतःच डावाने वाढून घेत होती, निम्मं टेबलावर. माझ्या लेकाने मसूराचं काहीतरी दोनदा घेतलं. चिठ्ठीवर आलं "अर्धं". म्हणजे दोनदा घेतलेल्यातलं अर्धं! तेव्हापासून चिठ्ठी फ्रिजवर लावते, वाचत नाही.

इथे ऊन नाही, म्हणून एक ते चार वर्षांच्या मुलांना रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व द्यायला सांगतात, ते थेंब चालू आहेत. बाकी नाचणीची उकड, अंड्याचं धिरडं, दही-भात. आई व्हिडिओ कॉलवर दर रविवारी म्हणते, "वाळलाय गं पोर." कॅमेराच अरुंद आहे म्हणून सांगते.

वाटीभर (धागाकर्ती)

सात आठवड्यांनी लिहितेय. लोहाचे थेंब चालू आहेत (शी काळी होते, घाबरू नका), दुधाबरोबर देत नाही, दोन तासांचं अंतर ठेवते. वरणभातावर लिंबू पिळते, त्याने लोह जास्त लागतं. आजींचं खिमट केलं. भरडायला जातं नाही, मिक्सर थांबवत थांबवत फिरवला, पहिल्या खेपेला पिठूळ झालं, दुसऱ्या खेपेला जमलं. अळिवाची खीर मात्र साफ नामंजूर. हिमोग्लोबिन १०.१. इंदूरकर बाबांचं वाचून उंचीही मोजली, दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण केली आहे.

रात्रीची बाटली सुटायला नऊ रात्री लागल्या. त्या नऊ रात्रींबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

वाटी बदलली. सासूबाईंच्या देवघरातली नैवेद्याची चांदीची वाटी मागून घेतली. परवा तीन घास उरले असताना त्याने ती माझ्याकडे ढकलली आणि म्हणाला, "पुए." मी ते तीन घास खाल्ले आणि वाटी धुवायला टाकली.