मदत हवी आहे: जिमीचे अश्रू खरे की डाव?

'बेटर कॉल सॉल' ही वकील जिमीवरची अमेरिकी मालिका (2015 ते 2022) दोनदा पाहून झालीय, त्यामुळे शेवट फुटेल ही काळजी नको. अडलोय तिसऱ्या सीझनच्या सातव्या भागात.

वकिली वर्षभरासाठी स्थगित झालेला जिमी वकिलांच्या व्यावसायिक चुकांसाठी असलेल्या विम्याचा हप्ता परत मागायला जातो. पैसे तर मिळत नाहीतच, उलट पुढे हप्ता वाढेल असं कळतं. तिथेच तो कोसळून रडतो आणि बोलता बोलता वकील भाऊ चक जिमीवरच्या शिस्तभंगाच्या सुनावणीत कसा भ्रमिष्टासारखा वागला ते सांगून टाकतो. बाहेर पडताना मात्र चेहऱ्यावर अश्रूंचा मागमूस नाही! त्या एका वाक्यातून चकच्या फर्मचा विमा महागतो आणि पुढे चकचा अंत होतो.

पाचव्या भागातली सुनावणी पुन्हा पाहिली. तिथे विजेचा त्रास होतो असं मानणाऱ्या चकच्या खिशात नकळत टाकलेली बॅटरी, त्याच्या घटस्फोटित पत्नीला बोलावणं, सगळं आधीच ठरलेलं होतं. विमा कार्यालयात तसं पूर्वनियोजन मला कुठेच दिसलं नाही. मालिकेच्या शेवटच्या भागातला जिमीचा कोर्टातला कबुलीजबाबही पाहिला, पण तिथे तो काय केलं ते सांगतो. कधी ठरवलं, ते नाही.

'तो मुळातच तसा' हे उत्तर नको, ते चकचं मत झालं. कलाकारांच्या मुलाखतीही नकोत, पडद्यावरचा पुरावा हवा. रडणं खरं असून मध्येच त्याला संधी दिसली, की आत शिरतानाच डाव ठरला होता? नेमकं कोणत्या क्षणी, कोणत्या हावभावावरून तुम्ही हे ठरवाल?