अनुभव धागा: रोजच्या कामात उमगलेलं बायबलचं वचन

पिलबाग

काल पुण्यात मंडईतून केळफूल आणलं. सोलताना चिकाचा डाग ओढणीवर पडला. "केळीचा डाग जन्मभर जात नाही" हे आईचं वाक्य आधी आठवलं आणि मग आई आठवली. काम तसंच टाकून हे लिहायला बसले.

आमचं शेत यावल तालुक्यात. आई गेल्या फेब्रुवारीत गेली. दफनविधी झाला, पाहुणे पांगले, आणि चौथ्या दिवशी सकाळी बाबा विळा घेऊन शेतात निघाले. मला इतका राग आला. चार दिवससुद्धा नाहीत? मी पाठोपाठ गेले, भांडायलाच.

घड उतरवून झालेल्या केळींची खोडं कापणं चालू होतं. बाबा एकही खोड बुडातून तोडत नव्हते. कंबरेएवढं ठेवायचे, वरचं तेवढं उडवायचे. मी त्याच शेतात वाढले, पण असं का करतात हे कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी विचारलं. "ह्या खोडात अजून पाणी आहे. ते हळूहळू पिलाला उतरतं. बुडातून तोडलं तर पील उपाशी." एवढंच बोलले. मग बांधावर बसले आणि खूप वेळ रडले. मी शेजारी बसून राहिले. भांडण विसरून गेलं.

केळीला एकदाच घड लागतो. घड दिला की त्या झाडाचं काम संपलं. पुढचं पीक येतं ते बुडाशी फुटलेल्या पिलाचं. योहान १२:२४ मी संडे स्कूलमध्ये पाठ केलं होतं, दाणा जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देतो ते. पाठ केलं म्हणून बक्षीसही मिळालं होतं. पण ते वचन मला लागलं त्या बांधावर, पस्तिसाव्या वर्षी. आईची प्रार्थनेची वेळ पहाटे साडेचार. आता मला त्याच वेळेला जाग येते, गजर न लावता. उतरतंय अजून.

तुम्हाला असं कुठे काही उमगलं असेल तर लिहा. चमत्कार नकोत. चुलीजवळचं, शेतातलं, ड्युटीवरचं लिहा.

तापीकाठची

ताई 🙏 वाचून हात थांबला. तव्यावर भाकरी आहे, नंतर येते.

कीमनची लेक

माझे पप्पा रेल्वेत कीमन होते. भुसावळ–खंडवा लाईन. खांद्यावर हातोडा, हातात पाना, रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा. रूळ धरून ठेवणारी चावी ढिली झाली असेल तर ठोकायची, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटचे बोल्ट बघायचे. आम्ही लहानपणी विचारायचो, आज काय सापडलं? "काही नाही" हेच उत्तर रोज. मला वाटायचं हे कसलं काम, ज्यात रोज काहीच सापडत नाही.

नाताळाच्या सकाळी मंडळीत सगळ्यांचे वडील नवीन शर्टात, आमचे पप्पा लाईनवर. थंडीत रूळ आकसतो, तडा जायची भीती तेव्हाच जास्त, त्यामुळे डिसेंबरात रजा मागायची सोयच नव्हती. एका वर्षी उपासना संपता संपता आले. खाकी कपडे, हाताला ग्रीसचा वास. मी शरमेने आईच्या पदराआड. पाळकसाहेबांनी शेवटच्या आशीर्वादाआधी थांबून त्यांच्या एकट्यासाठी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस पुन्हा पुढे आणला. ग्रीसच्या त्याच हातांत त्यांनी ती भाकर घेतली.

"थोडक्यात विश्वासू" असं लूक १६ मध्ये वाचलं की मला ते हात दिसतात. त्या रात्री किती गाड्या गेल्या आणि आत झोपलेल्या एकालाही माहीत नाही कोण चालून गेलं ते. आता पप्पा नाहीत. गाडीत बसले की अजून खिडकीतून रुळाकडे बघत बसते.

भरीतपुरी जळगाव

कीमनताई 🙏🙏

आमच्या मंडळीचा हंगामाचा सण आठवला. ज्याच्या घरी जे पिकतं ते वेदीपुढे ठेवायचं, उपासनेनंतर लिलाव. केळीचा अख्खा घड, कापूस, दादर ज्वारी, मिरच्या, कोंबड्यासुद्धा. एक आजी होत्या, शेत नाही काही नाही, घरामागे दोन वाफे. त्यांनी कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणल्या. पहिल्या बोलीला गेल्या ५० रुपयांना. घेणाऱ्याने पैसे दिले आणि जुड्या परत टेबलावर ठेवल्या, पुन्हा लिलाव. असं चार वेळा. शेवटी साडेतीनशेच्या वर गेलं. गरीब विधवेने दानात टाकलेल्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, मार्क १२, सगळे भारावलेले. आणि आजी उठून रागावल्या, "अरे घरी घेऊन जा ना कोणीतरी, सुकून चालली!" शेवटच्याने खरंच घरी नेली आणि रात्री भरतावर घातली. तो शेवटचा म्हणजे माझे काका. आजींना तेवढंच हवं होतं, आपली कोथिंबीर कुणाच्या तरी पोटात जावी.

तापीकाठची

आले. भरतावरून आठवलं, वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजता की गॅसवर? गॅसवर ती चव नाही म्हणजे नाही.

भरीतपुरी जळगाव

काड्यांवरच. गॅसवर साल जळते, आतलं कच्चं राहतं. आणि वांगं आपलं हिरवं भरताचंच हवं. २०१६ ला त्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याच वर्षी आपल्या केळीलाही.

नवापूरचा मास्तर

शाळा सुटल्यावर लिहितोय, थोडं लांबेल.

आई-बाप दोघं ऊसतोडीला गुजरातेत जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल कोयत्यावर, हिशोबही कोयत्यावर. मी सात-आठ वर्षांचा असताना आई तापाने पडली. बाप एकटा म्हणजे अर्धा कोयता. त्या आठवड्यात शेजारच्या खोपीतली माणसं अंधार पडल्यावर आपल्या दोन-चार मोळ्या बापाच्या ढिगावर टाकून जायची. कोणी काही बोलायचं नाही. मीच बघितलं, कारण मी खोपीच्या दारात जागा होतो. बापाला सांगितलं तर म्हणाला, "झोप. तो बठ्ठं देखस." म्हणजे तो, देव, सगळं बघतो.

पुढे शिकलो, मत्तय २० वर बरीच प्रवचनं ऐकली. द्राक्षमळ्याचा धनी शेवटच्या तासाला आलेल्यालाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. उपदेशक सकाळपासून राबलेल्यांची कुरकुर समजावत बसतात. मी तो दृष्टांत नाक्यावर उभ्या राहिलेल्यांकडून वाचतो. "इथे दिवसभर रिकामे का उभे राहिलात?" "आम्हाला कोणी कामावर लावलं नाही." ह्या उत्तरापाशी माझा आवाज अजून फुटतो. एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, एका घराची एका दिवसाची चूल. तासाच्या हिशोबाने दिलं असतं तर त्या घरची पोरं उपाशी झोपली असती. धन्याने भाकरी मोजली, तास मोजले नाहीत. हे मला त्या खोपीत आधी कळलं, शास्त्रात नंतर सापडलं.

कीमनची लेक

सर, हे रविवारी आमच्या महिला मंडळात वाचून दाखवू का?

नवापूरचा मास्तर

दाखवा ना ताई. 🙏

जुनी पानं

पिलबाग, आईकडे कोणतं शास्त्र, म्हणजे कुठलं मराठी बायबल, होतं? पंडिता रमाबाईंचं भाषांतर कुणाच्या घरी असेल तर जपून ठेवा. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून एकट्या बाईने केलेलं काम. साध्या बायांना वाचून कळावं म्हणून सोपी मराठी. त्या १९२२ ला गेल्या, पूर्ण शास्त्र १९२४ ला बाहेर आलं. केडगावला त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच मुलींनी खिळे जुळवलेले. म्हणजे हेसुद्धा तुमच्या खोडासारखंच झालं की.

पिलबाग

नाही हो, आईकडे साधं बायबल सोसायटीचं होतं. पण स्तोत्रांच्या पानांवर हळदीची बोटं आहेत. कुठली स्तोत्रं जास्त वाचली ते त्यावरून कळतं. 😢

आडवी बाग

सगळे छान लिहिताहेत म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

माझी बाग रावेर तालुक्यात. तीन वर्षांपूर्वी काढणीला पंधरा दिवस राहिले असताना वादळात आडवी झाली. अर्ध्या तासात. त्याच्या आदल्या हंगामात सीएमव्ही हा केळीवरचा विषाणूरोग आला म्हणून अर्धी रोपं स्वतः उपटून फेकली होती. लोक भेटायला आले, म्हणाले देव काहीतरी शिकवत असेल. तीन वर्षं शोधतोय. मला काही शिकवलेलं सापडलं नाही, कर्ज सापडलं. रविवारी जातो, मागच्या बाकावर बसतो, गायला सांगितलं की गातो. एवढंच आहे माझ्याकडे.

तापीकाठची

भाऊ 🙏 लिहिलंत ते बरं केलंत.

नवापूरचा मास्तर

दादा, धडा शोधू नका. स्तोत्र ८८ काढून बघा. पहिल्या ओळीपासून आक्रोश, आणि शेवटचा शब्द अंधार. उजेड येतच नाही. तरी ते शास्त्रात ठेवलंय, कुणी खोडून काढलं नाही. मागच्या बाकावर बसलेल्यासाठीच ते आहे असं मी समजतो. फोन करू का आज रात्री?

आडवी बाग

करा सर. नंबर निरोपात पाठवतो.

मुक्ताईनगर

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. लिहिलं तर चालेल ना? आमच्या गल्लीत एका ख्रिस्ती काकूंची विहीर होती. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. काकू दार उघडं ठेवायच्या, ज्याने त्याने पोहरा टाकावा. माझी आजी सुरुवातीला जायची नाही, जुन्या विचारांची. तर एक दिवस काकूच आमच्या दारात आल्या आणि आजीकडे प्यायला पाणी मागितलं. ज्यांच्याकडे भरलेली विहीर, त्या आमच्या माठातलं पाणी मागताहेत! आजी आत गेली, घासलेल्या तांब्यातून पाणी आणलं. दुसऱ्या दिवसापासून आजीची घागर काकूंच्या विहिरीवर. बऱ्याच वर्षांनी काकूंनी मला बायबलमधल्या शोमरोनी बाईची गोष्ट सांगितली, यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या लोकांतली ती, आणि येशूने तिच्याकडे पाणी मागितलं. तेव्हा कळलं काकूंना हे कुठून सुचलं.

भरीतपुरी जळगाव

चालेल काय, येच भाऊ. अंगावर काटा आला.

तापीकाठची

माझं राहूनच गेलं. छोटंसंच आहे. खापरावर, म्हणजे उपड्या मातीच्या भांड्यावर, पुरणपोळी टाकताना माझी सासू मांडा, म्हणजे ती मोठी पातळ पोळी, हातावर फिरवत मोठा करायची, कोपरापर्यंत. मला जमेना, दर वेळी फाटायचा. त्या म्हणायच्या, "ओढू नको, हात फिरव, तो आपल्या वजनाने मोठा होतो." मुलगा बारावीला नापास झाला तेव्हा मी त्याच्या मागे हात धुऊन लागले होते, प्रार्थनेलासुद्धा जबरदस्तीने बसवायची. तेव्हा हे वाक्य आठवलं. थांबले. आता नाताळाला मांडे तोच करतो, माझ्यापेक्षा मोठे.

जुनी पानं

खापर कुठून घेता? आमचं तडकलं.

तापीकाठची

आठवडी बाजारात बघा, वाजवून घ्या.

पिलबाग

आत्ता बाबांना फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. पाऊण तास लागला. मास्तरांचं दोनदा वाचायला लावलं. आडवी बागवाल्या भाऊंचं ऐकून बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले त्यांना माझा नंबर दे, आमचीही आडवी झाली होती, बोलायचं काही नाही, नुसते येऊन बसले तरी चालेल, चहा घेऊ.

कीमनताई, ते विचारताहेत पप्पांची हद्द सावद्याकडे होती की निंभोऱ्याकडे? पूर्वी ते केळीचे वॅगन भरायला निंभोरा स्टेशनवर जायचे, तेव्हा हातोडावाले एक गृहस्थ रोज रामराम करायचे म्हणे.

आणि मी चुकीचं लिहिलंय. खोड कंबरेएवढं नाही, छातीएवढं ठेवायचं.

कीमनची लेक

निंभोरा. 😭 ताई, काकांचा नंबर मलाही दे.