पोळ्यापासून महालक्ष्म्यांपर्यंत: रोजचा स्वयंपाक सोपा कसा ठेवता? आणि सासूबाई फोटोत कशा येतील?

मानेवाड्याची सून

नमस्कार. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझ्या घरात त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत, म्हणून एकत्रच लिहिते.

आम्ही सहा जण. सासू-सासरे, आम्ही दोघं, मुलगी पाचवीत, मुलगा चार वर्षांचा. ह्यांची बुटीबोरीला शिफ्ट ड्युटी, माझं ऑफिस सिव्हिल लाईन्सला. साडेआठला गाडी काढावी लागते, त्याआधी तीन डबे. एरवी हे जमून जातं. पण श्रावणाची अमावस्या आली की एकामागून एक सुरू होतं: पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, मग हरतालिका, गणपती, ऋषिपंचमी आणि त्यामागोमाग महालक्ष्म्या. पूजनाच्या दिवशी आमच्याकडे पन्नासेक पानं होतात. सुट्टी मला फक्त त्याच दिवसाची मिळते.

सासूबाई बहात्तर पार केलेल्या आहेत. पुरण अजून त्याच करतात, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. प्रमाण कुठेही लिहिलेलं नाही. डाळ शिजली की एक दाणा अंगठा आणि बोटात दाबून बघतात. गूळ घालून आटवताना मध्येच कलथा पुरणात उभा रोवतात आणि हात सोडतात. कलला तर पुन्हा घोटायला घेतात, उभा राहिला की "झालं" म्हणून गॅस बंद. आंबिलीचं मीठ तळहातावर घेतात, थोडं डब्यात परत झटकतात आणि उरलेलं पातेल्यात. किती झटकायचं हे त्यांचं त्यांनाच माहीत. मी शेजारी उभी राहून पाहते, पण माझ्या हाताला ते अजून आलेलं नाही.

आणि घरातले फोटो पाहा. मखर आहे, महालक्ष्म्यांच्या साड्या आहेत, फुलोरा, नटलेली मुलं, पंगती, सगळं आहे. सासूबाई एकाही फोटोत धड नाहीत. कुठेतरी दाराआडून पदर दिसतो. ज्या बाईनं सगळं केलं तीच नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गुडघेही आता साथ देत नाहीत. यंदा त्यांचं करणं, त्यांचा आवाज, त्यांचे हात, हे सगळं जपून ठेवायचंच असं मी ठरवलं आहे. अडचण अशी की त्या वेळी मी स्वतः ओट्याशी असते, आणि मोबाईल समोर धरला की त्या पदर सावरून ताठ बसतात आणि बोलणंच बंद.

तर त्या दिवसांत रोजचं जेवण तुम्ही किती साधं ठेवता, आधी काय करून ठेवता, आणि घरचं काम न थांबवता असं चित्रण कसं करता? नागपूरकडच्या घरातलं सांगितलंत तर जास्त उपयोग होईल.

महालातली काकू

सूनबाई, आमच्याकडे महालक्ष्म्या माझ्या आजेसासूपासून बसतात, तेव्हा तुझी धावपळ मला नीट कळते. आधी पंचांग बघ. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठेवर, विसर्जन मुळावर. त्यामुळे एखाद्या वर्षी ऋषिपंचमीनंतर एखादा दिवस हाताशी मिळतो, एखाद्या वर्षी अजिबात नाही. सुट्टीचा अर्ज त्यावर ठरव. माझं ऐकशील तर अर्धा दिवस आवाहनाच्या आदल्या दिवशी घे. पूजनाच्या दिवशी घरात माणसं असतात, हात पुष्कळ असतात. आदल्या दिवशी कोणी नसतं.

आता जेवणाचं. नैवेद्याचं ताट कमी करू नको. सोळा भाज्या, आंबील, पुरण, कढी, जे तुमच्या घरचं असेल ते सगळं होऊ दे, कारण सासूबाईंचा जीव त्यात आहे. कमी करायचं ते मधल्या दिवसांचं. मधल्या दिवशी पाहुणा नसतो तरी आपण भाजी वेगळी, वरण वेगळं, कोशिंबीर वेगळी करत बसतो. त्या दिवसांत माझ्या घरी एक भांडं आणि पोळ्या. आणि ते एक भांडं बहुतेक वेळा डाळभाजी: पालक, मिळाला तर आंबटचुका, तुरीची डाळ, मूठभर हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे. कुकरला लावायचं, घोटायचं, वरून लाल मिरचीची फोडणी. पालेभाजी, डाळ, दाणे सगळं पोटात जातं, मुलं भातावर घेतात आणि मोठी माणसं पोळीशी. चातुर्मासात आमच्याकडे कांदा-लसूण नसतो, तरी काही अडत नाही.

तक्ता करून भिंतीला लावायचा प्रकार मला कधी जमला नाही. मी बाजारावर चालते. तुला सक्करदऱ्याचा बुधवार बाजार जवळ पडत असेल. तिथून आलं की जी भाजी आधी नासते ती आधी खायची. पावसाळी हवेत पालेभाजी दुसऱ्या दिवशीच मान टाकते, म्हणून बुधवारी रात्री आणि गुरुवारी पालेभाजी. मग भेंडी, दोडके. मग वांगे, कोहळं. रविवारपर्यंत टोपलीत फक्त आलू उरतात, तेव्हा बेसनाचा डबा काढायचा. झुणका, पातोडी, गोळ्यांची कढी, भरडा भिजवून गोळा भात. आपल्याकडे भाजीवाचून जेवण अडू नये म्हणून बायकांनी डाळीचे एवढे पदार्थ करून ठेवले आहेत, त्यांचा उपयोग कर. उन्हाळ्यात केलेल्या मुगवड्या असतील तर डब्यालाही चालतात, आलू घालून रसभाजी वीस मिनिटांत होते.

सणांच्या दिवसांतही जागा आहेत बघ. पोळ्याला पुरणपोळी, कढी, वडे होणारच. त्या दिवशीचे वडे थोडे जास्त तळ आणि दुसऱ्या दिवशी गरम भातावर कुस्करून वर हिंगाची फोडणी दे, तान्ह्या पोळ्याचं जेवण झालं. हरतालिकेला आपला उपास. पुरुषांनी आणि मुलांनी खिचडी खावी, आणि ती पुरुषांनीच लावावी. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नाहीत, तेव्हा ऋषीची भाजी आणि भगर, एवढ्यावर स्वयंपाक संपतो. महालक्ष्म्या येतात त्या संध्याकाळी आमच्याकडे भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, घरचंही तेच जेवण.

आधी करून ठेवायचं म्हणशील तर वेलची-जायफळाची पूड, किसलेला गूळ, निवडलेल्या डाळी, दाण्याचं कूट. फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या दोन दिवस आधी. सोळा भाज्यांचा तयार वाटा बाजारात मिळतो, तो घ्यायला संकोच करू नको, फक्त घरी आणून पुन्हा धू. पुरण मात्र त्याच दिवशी, त्यावर माझी सवलत नाही.

सीताबर्डीचा फोटोवाला

ताई, लग्नाचे आणि घरगुती कार्यक्रमांचे फोटो काढणं हाच माझा व्यवसाय आहे. काकूंनी जेवणाचं सांगितलं, मी दुसऱ्या प्रश्नावर बोलतो, कारण तुम्ही लिहिलेलं मी प्रत्येक घरात बघतो. जेवण करणारी बाई अल्बममध्ये नसते.

सगळ्यात महत्त्वाचं: पुरणाचा व्हिडिओ महालक्ष्म्यांच्या दिवशी काढूच नका. पोळ्याला काढा. पुरण तेच, हात तेच, कलथा तोच, पण घरात पन्नास माणसं नाहीत आणि सोवळ्याची घाईही नाही. महालक्ष्म्यांच्या दिवशी मग फक्त आरती आणि पंगत घ्या.

मोबाईल हातात धरू नका. ओट्यावर मसाल्याचे दोन डबे ठेवून त्यांना टेकवून आडवा उभा करा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि तुम्ही पोळ्या लाटायला लागा. पाच-सात मिनिटांत त्या मोबाईल विसरतात. त्यांना "आई, बोला" असं अजिबात म्हणू नका. काहीतरी विचारा ज्याचं उत्तर त्यांना द्यावंसं वाटेल. "तुमच्या माहेरी पुरणाला किती डाळ लागायची?" किंवा "हे तुम्हाला कोणी शिकवलं?" हात कामात असले की माणूस मोकळा बोलतो. माझ्याकडच्या चांगल्या व्हिडिओंत आजी पातेल्याकडे बघत बोलत असतात, कॅमेऱ्याकडे नाही.

तांत्रिक थोडं. सुरू करायच्या आधी लेन्स मऊ सुती कापडानं पुसा. स्वयंपाकघरात बोटाचं तूप लागतं आणि सगळा व्हिडिओ धुरकट येतो. एक्झॉस्ट फॅन बंद, मिक्सर नंतर, नाहीतर आवाज ऐकू येणार नाही. भाद्रपदातल्या ढगाळ हवेत खिडकीतून येणारा उजेड फोटोला फार चांगला असतो, तेव्हा त्यांचा चेहरा खिडकीकडे येईल अशी जागा द्या आणि दिवसा ट्यूबलाईट बंद ठेवा. रात्री एलईडीखाली व्हिडिओत पट्टे लुकलुकताना दिसले तर सेटिंगमध्ये २५ फ्रेम निवडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्याला २५ जुळतं. आयफोनमध्ये त्यासाठी आधी पीएएल फॉरमॅट चालू करावा लागतो. पुरणाच्या दिव्यांच्या आरतीला फ्लॅश नको. स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट टेकवा आणि उजेड थोडा खाली ओढा, म्हणजे ज्योत पांढरी फटक येणार नाही.

मूळ फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, बारीक होऊन जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि एक प्रत पेनड्राईव्हवर ठेवा. चार-सहा फोटो कागदावर नक्की काढा. सासूबाई मोबाईलमध्ये बघणार नाहीत, हातात दिलेला फोटो बघतील.

तान्ह्या पोळ्याचंही सांगतो, तुमचा मुलगा चार वर्षांचा आहे म्हणून. हा सण आपल्या नागपूरचा. दुसऱ्या रघूजी राजांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं मानतात. पोरगा लाकडी बैल ओढत असताना उभ्यानं फोटो काढला की फक्त टोपी आणि डोकं येतं. तुम्ही गुडघ्यावर बसा, मोबाईल बैलाच्या शिंगांच्या उंचीवर आणा. बैल मोठा दिसतो, मागे मुलाचा चेहरा येतो. सकाळी मारबतीची, म्हणजे वाईटाचं प्रतीक म्हणून काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक बघायला इतवारीत जात असाल तर तिथं लहान मुलाचे फोटो काढत बसू नका, गर्दीत त्याचा हात धरलेला बरा. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासून आणि पिवळीची १८८५ पासून चालत आली आहे, पुढच्या वर्षीही ती निघणारच आहे.

हिंगण्याचा दादा

वहिनी, एक गोष्ट आमच्या घरात झाली ती सांगतो. वाढायचं काम आम्ही तिघा भावांनी घेतलं. सवाष्णींची पंगत उठली की घरच्या सगळ्या बायकांना एकत्र बसवतो, आई मधोमध. पानं आम्ही मांडतो, पोळीवर तूप आम्ही वाढतो. पहिल्या वर्षी आईला बसवायला बरीच विनवणी करावी लागली, सारखी उठून कढीचं पातेलं बघायला जायची. आता स्वतः विचारते, "आमची पंगत केव्हा?" तोच फोटो आमच्या हॉलमध्ये लावलेला आहे. तुमच्या मिस्टरांना सांगा, काही कठीण नाही.

मानेवाड्याची सून

सगळ्यांचे खूप आभार. संध्याकाळी ह्यांना सगळं वाचून दाखवलं. पोळ्याला ह्यांची दुसरी शिफ्ट आहे, म्हणजे दुपारपर्यंत घरी आहेत. मोबाईल लावणं आणि मुलाला सांभाळणं त्यांच्याकडे. घरच्या बायकांच्या पंगतीचं ऐकून सासरे आधी गप्प होते, मग म्हणाले, "पाणी मी वाढीन." आमच्या घरात हे पहिल्यांदाच होईल.

सासूबाईंना व्हिडिओचं आधी सांगून टाकलं, चोरून काढणं मला बरं वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या हाताचं काय काढतेस? भाचीला पाठवणार असशील तर काढ, तिचं पुरण नेहमी सैल होते." म्हणजे परवानगी मिळाली.

काकू, एक शेवटचं. आंबिलीचं पीठ आदल्या रात्री भिजवायचं का? सासूबाई "बघून घालते" एवढंच म्हणतात.

महालातली काकू

हो, आदल्या रात्रीच. ज्वारीचं पीठ ताकात सरसरीत कालवून झाकून ठेव, सकाळपर्यंत छान आंबते. ताक आधीच फार आंबट असेल तर अर्धं पाणी घाल. शिजवताना उकळत्या पाण्यात एकदम ओतू नको, एका हातानं धार आणि दुसऱ्या हातानं ढवळणं, नाहीतर गुठळ्या होतात. खोबऱ्याचे काप आणि आलं शेवटी. मिठाच्या वेळी मात्र बाजूला हो आणि सासूबाईंना पुढे कर. त्यांनी तळहातावर घेतलं की त्यांचा हात तिथंच थांबव, ते वाटीत ओतून घे आणि चमच्यानं मोज. पातेलं केवढं होतं तेही शेजारी लिहून ठेव. मी माझ्या सासूबाईंचं तसंच मोजून घेतलं होतं, त्या रागावल्या नाहीत.