जॉनरला आपल्यात काय म्हणायचं? प्रकार, बाज की धाटणी?

शहापूरकर :
आमच्या गल्लीतल्या वाचनालयात महिन्यातनं एक पिच्चर दाखवायचं ठरलंय. बोर्डावर नाव, साल, वेळ लिहून झालं आणि पुढं 'जॉनर' लिहायला गेलो तर एकजण म्हणतोय झॉन्र लिही, दुसरा म्हणतोय जान्र, आणि एक काका म्हणाले ते फ्रेंच लफडं कशाला, मराठीत लिही की. खरं मराठीत काय लिहू? 'चित्रपटप्रकार' लिहिलं की सरकारी फॉर्मवाणी दिसालंय.

टिळकवाडीकर :
नुसतं 'प्रकार' लिही की. एवढं काय.

खानापूरची सून :
प्रकार चालतंय, खरं कागदावरचे शब्द आणि लोकांच्या तोंडातले शब्द वेगळे आहेत बघा. कागदावर एक 'पट' लावलेले, भयपट, रहस्यपट, युद्धपट, चरित्रपट, तमाशापट, आणि दुसरी नुसती विशेषणं, विनोदी, कौटुंबिक, पौराणिक वगैरे. विनोदपट कुणी म्हणतच नाही असं नाही, तोंडात बसत नाही एवढंच. तिकिटाच्या लायनीत मात्र यातला एक शब्द ऐकू येईल तर शपथ. तिथं 'कसला हाय?' विचारतात आणि उत्तर येतंय रडका हाय, भुताचा हाय, फायटिंगचा हाय, फॅमिलीनं बघायचा हाय. पिच्चरात काय आहे यापेक्षा तो तुमचं काय करणार ते सांगतात. रडका म्हणजे वाईट असं कुणाच्या मनात नसतं, १९९१ चा माहेरची साडी बायकांनी रडायला मिळतंय म्हणूनच तर बघितला, तसला पिच्चर रडवला नाही तर पैसे फुकट गेले म्हणतील.

आणि ओळखायला कथा कळावी लागत नाही. पोस्टरवर दगडात कोरल्यासारखी अक्षरं आणि मागं भगवं आभाळ दिसलं की शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतंय महाराजांच्या काळातला आहे म्हणून. तमाशापटाला तर पोस्टरही नको, ढोलकीवर थाप पडली, फेटेवाला पाटील लोडाला टेकलेला दिसला की झालं. पण ही ओळख एका पिच्चरनं होत नाही. सांगत्ये ऐका १९५९ ला आला, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला, मग तीच ढोलकी, तोच फड, तोच पाटील वर्षानुवर्षं घोटला गेला आणि लोक नवीन पिच्चरला 'त्यातलाच हाय' म्हणायला लागले. माझ्या मते जॉनरला खरा बोलीतला शब्द हाच, त्यातला. बोर्डावर लिहिता येत नाही ही अडचण.

बैलहोंगलचा मास्तर :
वहिनींचं बरोबर आहे, खरं आपल्याकडं कन्नडपण धरायला पाहिजे. स्टाफरूममध्ये एकानं सांगितलं नवीन लागलाय तो 'देव्वद पिक्चर' आहे, मी घरी येऊन आईला तसंच सांगितलं, तिला वाटलं देवाचा, चांगली नऊवारी नेसून तयार. कन्नडात देव्व म्हणजे भूत आणि देवाला देवरु, एवढ्याशा फरकात पौराणिकचा भयपट झाला. फायटिंगच्या पिच्चरला तिकडं 'होडीबडी' म्हणतात, म्हणजे मार आणि झोड, होडी बघून पाण्यातला पिच्चर समजू नका.

'सामाजिक' शब्दाचं पण सांगतो. प्रभातचा संत तुकाराम १९३६ चा, तो संतपट, आणि १९३७ चा कुंकू सामाजिक. तेव्हा सामाजिक म्हणजे पुराणातला नाही, इतिहासातला नाही, आजच्या घरातला, एवढाच अर्थ. कन्नडातली जुनी वाटणी पण हीच, पौराणिक ऐतिहासिक सामाजिक, शब्दसुद्धा तेच. आता सामाजिक म्हटलं की लोकांना वाटतंय हुंडा नाहीतर दारूबंदीवर भाषण असणार. तेव्हा बोर्डावर सामाजिक लिहू नका, पहिल्याच दिवशी खुर्च्या रिकाम्या.

टिळकवाडीकर :
मास्तर 😂 आईंनी मग बघितला की नाही?

बैलहोंगलचा मास्तर :
बघितला की. मध्यंतरानंतर रामरक्षा म्हणत.

निपाणीकर :
प्रकार आणि बाज एक करू नका. बाज हा मूळ वाजवायच्या ढंगाचा शब्द, तबल्यात दिल्ली बाज, पूरब बाज म्हणतात तसा. प्रकार एक आणि बाज भलताच असं होऊ शकतंय. १९९३ चा झपाटलेला घ्या, मेलेल्या गुंडाचा जीव बाहुल्यात शिरतोय, म्हणजे विषय सगळा भुताचा, खरं पोरं आधी हसतात आणि मग भितात. त्याला भयपट म्हणाल तर बाज विनोदी म्हणावं लागेल. सैराटला उलटं झालं, २०१६ ला लोक गाण्यांवरनं प्रेमाचा पिच्चर म्हणून गेले आणि शेवटाला थेटरात कुणाच्या तोंडातनं शब्द फुटेना. ओळख पटली असं वाटून माणूस आत बसला की दिग्दर्शकाला त्याला फसवता येतं.

शहापूरकर :
मग 'धाटणी' कशी वाटते? 'यूए' पण तिथंच लिहू काय?

निपाणीकर :
यूए वयाचं सर्टिफिकेट, वेळेच्या खाली टाका, रडक्याला पण मिळतंय आणि होडीबडीला पण. धाटणी वाक्यात चांगली, 'जुन्या तमाशापटाच्या धाटणीचा' असं. बोर्डावर 'प्रकार : भयपट, विनोदी बाजाचा' लिहा, दोन्ही येतंय. आणि 'पठडी' लिहायचा मोह झाला तर आवरा, त्यात नावं ठेवल्याचा वास येतो.