म्हापशाच्या थंडीला स्वेटर कशाला?

म्हापशेकर:

दर डिसेंबरला आमच्या घरी एक भांडण होते, ते यंदाही झाले. मुलगी तिसरीत आहे. शाळेची घंटा पावणेआठला, म्हणजे सव्वासातला घर सोडायचे. निघताना अंगावर बनियन, युनिफॉर्म, त्यावर स्वेटर आणि आजी दारात उभी असेल तर कानटोपीसुद्धा. 'शीं बादतलें गो तिका' (थंडी बाधेल गं तिला), हे आजीचे वाक्य ठरलेले. दीड वाजता पोर परतते तेव्हा स्वेटर कमरेला बांधलेला, केस कपाळाला चिकटलेले आणि पाठीवर घामोळे. मे महिन्यात नाही, जानेवारीत घामोळे!

जरा हिशेब करू. पणजीत जानेवारीचे सरासरी किमान तापमान १९-२० अंशांच्या आसपास असते आणि दुपार ३२ पर्यंत चढते. जुलैची दुपार याहून गार, २९ च्या घरात. म्हणजे ज्याला आपण हिवाळा म्हणतो त्यातली दुपार पावसाळ्यातल्या दुपारपेक्षा उकाड्याची, आणि नेमकी तेव्हाच पोराला लोकर. बरे, ती लोकर तरी कुठली? शुक्रवारच्या बाजारात घेतलेला स्वेटर ॲक्रिलिकचा. घाम काही तो टिपत नाही, आणि विण इतकी सैल की सकाळचा वारा आरपार.

माझे म्हणणे सरळ आहे. किनाऱ्याच्या बाजूला राहणाऱ्या शाळकरी मुलाला स्वेटर लागत नाही, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट पुरे. थंडी वाजते आईला आणि स्वेटर चढतो मुलाच्या अंगावर. (हे घरी बोलून बसलो. परिणाम भोगतो आहे.) आणि गारठ्याने सर्दी होते हेही मला पटत नाही. सर्दी विषाणूंनी होते. कोणाचे वेगळे मत असेल तर मांडा.

घाटाखालची:

तुम्ही किनारा म्हणालात म्हणून थोडे वाचलात. पण पणजीचे आकडे फेकून गोव्याची थंडी मोजायची सवय सगळ्यांनाच आहे. आम्ही सत्तरी तालुक्यात, केरीला, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. रात्री आभाळ मोकळे असले की डोंगरावरची गार हवा जड होऊन खाली उतरते आणि आमच्या डोक्यावर बसते. अंजुणे धरणाच्या बाजूला सकाळी धुक्यात दहा पावलांपुढचे दिसत नाही. तुमच्याकडे रात्रभर समुद्र ऊब धरून असतो, आमच्याकडे कोण धरणार?

आता वेळ बघा. जानेवारीत सूर्य सात वाजून पाच मिनिटांच्या आसपास उगवतो. दिवसातली सगळ्यात गार वेळ असते ती उगवतीच्या सुमाराची, आणि आम्ही पोरांना बाहेर काढतो नेमके तेव्हा. त्यात पूर्वेला सह्याद्री आडवा, ऊन अंगणात पोचायला आणखी वेळ. माझा पाच वर्षांचा मुलगा स्कूटरवर माझ्या पुढ्यात उभा असतो, सगळा वारा त्याच्या छातीवर. पाव घेऊन येणारा पोदेर मफलर गुंडाळून सायकल हाकतो, तो काय वेडा म्हणून?

दुपारचे ३२ अंश मला सांगू नका. दुपारी स्वेटर काढता येतो. सकाळी नसलेला घालता येत नाही.

पुणे ते पर्वरी:

१९ अंशांना थंडी म्हणणारी माणसे मी गोव्यात येऊन पहिल्यांदा पाहिली. आमच्याकडे जानेवारीत पहाटे ११-१२ अंश असायचे आणि आम्ही हाफ पँटीत सायकल मारत शाळेत जायचो. हँडलवर बोटे बधिर व्हायची. काही झाले नाही. इथे सोसायटीच्या गेटवर बसची वाट बघत पोरे अशी उभी असतात की बस थेट काश्मीरला निघाली आहे असे वाटावे. एकाच्या तर हातात मोजे होते. पर्वरीत! मोजे!

सासष्टीकर:

पुणेकर, 'आम्ही हाफ पँटीत जायचो' याने काहीच सिद्ध होत नाही. ज्यांना दमा होता ते आठवणींचे लेख लिहीत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

थंडी फक्त आकड्यावर ठरत नाही, सवयीवर ठरते. हे खुद्द हवामान खाते मानते. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंशांपर्यंत किंवा त्याखाली आल्याशिवाय ते थंडीच्या लाटेचा विचारच करत नाही. किनाऱ्यावरच्या केंद्रांसाठी मात्र १५ अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांची घट एवढे पुरते. सरकारी कागदावरसुद्धा किनाऱ्यावरच्या माणसाचे हीव वेगळे आहे. वर्षभर घामात भिजणाऱ्या शरीराला १८ अंश बोचतात आणि पुण्याच्या शरीराला ते गुलाबी वाटतात. दोघेही खोटे बोलत नाहीत.

शिवाय आपली घरे. कौलारू छप्पर, खाली माळा नाही, खिडक्यांच्या वर झरोके. सगळी रचना उष्मा बाहेर जावा म्हणून केलेली. रात्री तीच ऊबही घालवून बसते. मूल अंथरुणातून उठते तेच कुडकुडत.

म्हापशेकर:

१५ चा निकष मान्य. पण म्हापशात १५ वर्षातून किती वेळा येते? त्या चार दिवसांसाठी चार महिने स्वेटर?

वॉर्ड नर्स:

मुलांच्या वॉर्डात बरीच वर्षे काम केले आहे म्हणून लिहिते. दोन्ही बाजूंनी अर्धे बरोबर आणि अर्धे ऐकीव चालले आहे.

आधी सर्दी. म्हापशेकर म्हणतात तसे, ती विषाणूंनीच होते, नुसत्या गार हवेने नाही. पण गारठ्याचा काहीच संबंध नाही असेही नाही. सर्दीचा सगळ्यात नेहमीचा विषाणू, रायनोव्हायरस, ३७ अंशांपेक्षा ३३-३४ अंशांना जोमाने वाढतो आणि गार हवा ओढली की नाकाच्या आतले तापमान तेवढे खाली येते. म्हणजे आजी अगदीच चुकत नाही. फक्त तिचा उपाय चुकतो, कारण स्वेटर छाती झाकतो, नाक नाही. फ्लूची मोठी लाट तर आपल्याकडे पावसाळ्यात येते, तेव्हा कानटोपी कोणाला आठवते? हिवाळ्यातल्या सकाळच्या खोकल्यात मला थंडीपेक्षा धूर जास्त दिसतो. अंगण झाडून पालापाचोळा पेटवतात, आणि गार हवा तो धूर वर जाऊ देत नाही. दम्याच्या मुलाला त्या धुरातून न्यायचे आणि वर स्वेटर आहे म्हणून निर्धास्त राहायचे, हे मी फार पाहिले.

आता कानटोपी. भाजलेल्या रुग्णाचे किती अंग भाजले हे मोजायला आमच्याकडे नवाचा नियम असतो. मोठ्या माणसाचे डोके म्हणजे अंगाच्या कातडीचा ९ टक्के भाग. तान्ह्या बाळाचे डोके मात्र १८ टक्के, म्हणजे बरोबर दुप्पट. म्हणून बाळाला टोपडे घालणे शहाणपणाचे आहे. निम्मी ऊब डोक्यातून जाते असे लोक म्हणतात, ते मात्र खरे नाही, आणि तिसरीतल्या मुलीला म्हापशात कानटोपी नको. स्कूटरवर कान झाकले जावेत असे वाटत असेल तर त्यासाठी हेल्मेट आहे. घाटाखालची ताई, पाच वर्षांचा मुलगा पुढे उभा राहतो म्हणता, तर मला त्याच्या स्वेटरपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. राग मानू नका.

मुलाला थंडी वाजते का हे बघायला हातपाय चाचपू नका. मुलांचे हातपाय तसेही गार लागतात. मानेच्या मागून शर्टात दोन बोटे घाला. तिथे कोमट आणि कोरडे लागले तर कपडे बरोबर. ओलसर लागले तर एक कपडा जास्त झाला. हा ओलसरपणाच खरा वैरी. मधल्या सुट्टीत पोर धावते, स्वेटरच्या आत भिजते, मग वर्गात पंख्याखाली बसते. त्यावेळी लागणारी थंडी सकाळच्या थंडीपेक्षा वाईट.

घाटाखालची:

राग नाही मानला. हेल्मेट आहे, लहान मापाचे मिळायला वेळ लागला पण आहे. उभे करण्याबद्दल मात्र तुम्ही बरोबर, ते मोडायला हवे.

पण मानेत बोटे घालायला मी शाळेत नसते, ताई. आमच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी स्वेटर काढायला लावतात, कारण युनिफॉर्म दिसला पाहिजे. उघड्या मैदानात, दवाने ओल्या गवतावर, पंधरा मिनिटे. पुढे वर्गात घामाने भिजेपर्यंत घालून बसला तर कोणी काढ म्हणत नाही. वर स्वेटर चालतो तो फक्त गडद निळा. मागच्या वर्षी मावशीने विणलेला लाल स्वेटर घालून गेला, तर तो दिवसभर बाईंच्या टेबलावर राहिला आणि पोर शर्टावर.

पुणे ते पर्वरी:

हे मात्र चुकीचेच. मी थंडीची थट्टा करतो, पण मुलाच्या अंगावरचा स्वेटर रंगापायी उतरवायचा हे कोणत्या शिस्तीत बसते?

निवृत्त मास्तर:

बसते, आणि का ते सांगतो. आवडणार नाही.

प्राथमिक शाळेत नोकरी गेली माझी. एकेकाळी आमच्या शाळेत रंगाचे बंधन नव्हते. जानेवारी आला की वर्गाचे दोन भाग पडायचे. एका बाजूला नवेकोरे, चित्रांचे, चेनवाले स्वेटर. दुसऱ्या बाजूला थोरल्या भावाचा विटका शर्ट शर्टावर चढवलेली पोरे. एक धनगराचा मुलगा घरची कांबळ दुमडून खांद्यावर घेऊन यायचा. त्या कांबळीइतकी ऊब वर्गातल्या एकाही स्वेटरला नसणार, पण पोरे हसायची. तिसऱ्या दिवशी तो कांबळ वाटेत झाडाच्या ढोलीत ठेवून येऊ लागला. दप्तर पोटाशी धरून कुडकुडत बसायचा. मी विचारले तर म्हणाला, 'थंडी ना मास्तर.' म्हणजे थंडी नाहीच म्हणे.

त्यानंतर मीच मुख्याध्यापकांच्या मागे लागलो की एकच रंग करा आणि ज्यांना परवडत नाही त्यांचे शिक्षक आणि गावातली चार माणसे मिळून बघू. लाल स्वेटर टेबलावर ठेवणाऱ्या बाईंचे मी समर्थन करत नाही. दिवसभर मुलाला शर्टावर ठेवणे चूकच. पण रंग मोकळा करा म्हणणाऱ्यांनी त्या ढोलीचाही विचार करावा.

आणि ज्या मुलींच्या छातीवर दोन कपडे आणि गुडघ्याखाली उघडे पाय, त्यांच्याबद्दल वर एकही शब्द नाही. हाफ पँटीतल्या मुलांचेही तेच. स्वेटरवर एवढे भांडता, तर पूर्ण पँट का मागत नाही?

बालरथ:

मी बसवर अटेंडंट आहे. सगळे वाचले. माझ्याकडे आत्ता नऊ स्वेटर आणि एक कानटोपी आहे. सीटखाली सापडलेले. सगळे गडद निळे, त्यामुळे कोणाचे ते देवाला माहीत. मास्तर, एकच रंग केला की हे असे होते.

अजून एक. घरून स्वेटर घातलेली पोरेच बसमध्ये खिडक्या उघडतात. त्यांना उकडते. वारा लागतो तो मागच्या सीटवर बिनस्वेटरवाल्यांना.

सासष्टीकर:

आजवर या धाग्यात आलेले सगळ्यात मोलाचे निरीक्षण.

वॉर्ड नर्स:

मास्तरांचा पँटचा मुद्दा एकदम पटला. स्वेटरबद्दल मी म्हणेन की स्कूटरवाल्यांनी जाड स्वेटरऐवजी पातळ विंडचीटर घ्यावा. अंगाजवळ गरम हवेचा पातळ थर असतो, वारा तो उडवतो. विणलेला स्वेटर वारा अडवत नाही, विंडचीटर अडवतो. आत सुती बनियन, वर शर्ट. शाळेत पोचल्यावर घडी करून दप्तरात, वहीएवढी जागा. चालत किंवा बसने जाणाऱ्याला किनाऱ्याकडे तेही नको.

घाटाखालची:

विंडचीटर गडद निळा मिळेल का हो?

म्हापशेकर:

धागा मी काढला म्हणून हिशेब मलाच द्यावा लागेल. केरीच्या सकाळीबद्दल मी मागे हटतो. तिथे मीही स्वेटर घातला असता. म्हापशाबद्दल नाही. मास्तरांच्या ढोलीने मात्र झोप उडवली. काल रात्री कपाट उघडले, मुलीला लहान झालेले तीन स्वेटर निघाले. तिन्ही निळे. शाळेत देईन, पण नाव न घेता कसे द्यायचे ते ठरत नाही. मास्तर, तुम्ही कसे करत होता?

आज सकाळी नर्सबाईंची परीक्षाही घेतली. सात वाजता मानेत बोटे घातली, कोरडी. शाळेच्या फाटकाशी पुन्हा घातली, ओलसर. घरापासून शाळा चालत बारा मिनिटे. स्वेटर काढून हातात घेतला तर मुलगी म्हणाली, 'बाबा, मी तर रोज कोपऱ्यावरच काढते. घरी येताना तिथेच परत कमरेला बांधते, आजी बघते म्हणून.'

हे आजीला सांगायचे की नाही?

घाटाखालची:

सांगू नका.

निवृत्त मास्तर:

स्वेटर मुख्याध्यापकांकडे द्या, वर्गात नको. सगळ्यांना एकदम वाटायचे नाहीत. प्रत्येकाला एकट्याला ऑफिसात काहीतरी निरोप सांगायला बोलवायचे आणि जाताना हातात द्यायचा. आम्ही खडूची पेटी आणायला पाठवायचो.